पहिल्या मृत्यूआधी: नव्या सिस्टर आणि इंटर्नना तयार कसं करायचं

नवी सिस्टर वॉर्डात रुजू होते तेव्हा आपण तिला क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषध-सामानाची ट्रॉली, दाखवतो, औषधांचं कपाट दाखवतो, सामान मागवायचं इंडेंट बुक कसं भरायचं ते शिकवतो. ‘या वॉर्डात माणसं मरतात, आणि त्या वेळी तुझं काम हे,’ असं मात्र कोणी तिला बसवून सांगत नाही. मग एका रात्री, तीनच्या सुमाराला, एक पेशंट जातो आणि सिनियर तिला सांगते, ‘जा, पॅकिंग करून घे,’ म्हणजे मृतदेह पुसून, आवरून तयार कर. ती एकटी पडद्याआड जाते. मीही अशीच एकटी गेले होते. त्या आजोबांचे हात अजून गरम होते आणि मी त्यांची माफी मागत कापूस भरत होते.

हा लेख इन-चार्ज सिस्टर, ट्यूटर आणि युनिटमधल्या सिनियर रेसिडेंटसाठी आहे. बहुतेक वॉर्डांत क्रम उलटा चालतो: आधी कागद, मग नातेवाईक, आणि ज्या मुलीने किंवा मुलाने सगळं पाहिलं त्यांच्याशी बोलणं कधीच नाही. तो क्रम सरळ कसा करायचा ते इथे टप्प्याटप्प्याने लिहिते आहे.

१. पहिल्याच आठवड्यात, शांत दुपारी

नव्या माणसाला बाजूला घ्या आणि तीन प्रश्न विचारा. मृत माणूस जवळून पाहिला आहेस का? घरात अलीकडे कोणी गेलं आहे का? कोणत्या प्रकारचा मृत्यू तुला जड जाईल असं वाटतं? उत्तरं लिहून ठेवा, पण स्वतःपाशी. ड्युटी रजिस्टरमध्ये नव्हे. जिची आई चार महिन्यांपूर्वी कॅन्सरने गेली तिला पहिल्याच पोस्टिंगला ऑन्कॉलॉजीत टाकायचं की नाही, हा निर्णय तुम्हाला माहिती असेल तरच घेता येतो.

इंटर्नच्या बाबतीत आपण गृहीत धरतो की शवविच्छेदनाच्या टेबलवर वर्षभर घालवलेल्याला मृत्यूचं काय. ही चूक फार जुनी आहे. २०१९ पासूनच्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ हा वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा भाग आला, त्यात पहिल्या वर्षी देहाला पहिला शिक्षक मानायला शिकवतात आणि शेवटच्या टप्प्यात मृत्यूला सामोरं जाण्यावर वेगळं सत्रही आहे. पण फॉर्मॅलिनमधल्या देहाला आवाज नसतो, त्याने काल तुमच्याकडे चहा मागितलेला नसतो. वर्गातलं सत्र वॉर्डातल्या तयारीची जागा घेत नाही.

मग तिला घेऊन मॉर्च्युरीपर्यंत दिवसाढवळ्या चालत जा. रस्ता, लिफ्ट, चावी कोणाकडे असते, रजिस्टरला सही कुठे करायची, सगळं दाखवा. अंधाऱ्या कॉरिडॉरमधून स्ट्रेचरमागे पहिल्यांदा चालताना ती जागा ओळखीची असली की निम्मी भीती जाते.

तपासा: मॉर्च्युरीचा रस्ता, मृत्यूनंतर लागणारं सामान आणि रात्री कोणाला फोन करायचा, या तिन्ही गोष्टी ती न विचारता सांगू शकते का?

२. शब्द आधी घोटून घ्या

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बातमी सांगायचं काम डॉक्टरचं, हे बरोबर. पण नातेवाईक त्याआधी आणि त्यानंतर दहा वेळा सिस्टरलाच विचारतात. म्हणून दोघांनाही शब्द पाठ हवेत.

आपल्या तोंडात बसलेले शब्द एकेक करून तपासा.

‘सिरियस आहे.’ हे आपण भरतीच्या दिवशी म्हणतो, पाचव्या दिवशी म्हणतो आणि शेवटच्या तासालाही म्हणतो. नातेवाइकांना तो रोजचा शब्द वाटू लागतो. पेशंट मृत्यूच्या जवळ असेल तर तसंच सांगायला हवं: ‘आता ते यातून वाचतील असं वाटत नाही. आजची रात्र निघेल की नाही सांगता येत नाही. ज्यांना बोलवायचं आहे त्यांना बोलवून घ्या.’

‘एक्सपायर झाले.’ हा आपल्या स्टाफचा शब्द आहे. एका डॉक्टरने हे सांगितल्यावर मान हलवून, ‘मग आता कुठल्या वॉर्डात हलवणार?’ असं विचारणारा मुलगा मी पाहिला आहे.

‘गेले.’ घरात हा शब्द मायेचा आहे, पण हॉस्पिटलात पेशंट एक्स-रेला जातो, आयसीयूत जातो, वरच्या मजल्यावर जातो. एकदा स्पष्ट ‘मृत्यू झाला’ म्हणा. त्यानंतर ‘गेले’ चालेल.

‘सगळं देवाच्या हातात आहे.’ आपण हे आशा संपली म्हणून बोलतो, ऐकणाऱ्याला त्यातच आशा दिसते. तो नवस बोलायला धावतो आणि शेवटच्या भेटीला मुकतो.

‘बॉडी कधी नेणार?’ दहा मिनिटांपूर्वी ते कुणाचे बाबा होते. ‘तुमच्या बाबांना’ म्हणा, किंवा नाव घ्या.

वाईट बातमी सांगायची ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडली. कॅन्सरच्या पेशंटशी बोलण्यासाठी ती बनवली होती, पण पायऱ्या इथेही लागू पडतात: जागा नीट करा, त्यांना काय माहीत आहे ते विचारा, किती ऐकायचं आहे ते पाहा, मग सांगा, भावनेला वेळ द्या आणि शेवटी पुढचं ठरवा. आपल्याकडे दुसरी पायरी कायम सुटते. ‘तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?’ हा एक प्रश्न विचारला तर नातेवाईक कुठे उभे आहेत ते कळतं.

सरावाला तीन खुर्च्या पुरेत. एक जण डॉक्टर, एक नातेवाईक, एक फक्त पाहणारा. पाच मिनिटं करा आणि भूमिका बदला. एकदा मराठीत, एकदा हिंदीत, कारण मुंबई-पुण्याच्या वॉर्डांत बरेच नातेवाईक हिंदी बोलणारे असतात आणि मराठीत नीट बोलणारी सिस्टर हिंदीत अचानक तुटक, कोरडी होते.

सावध: सरावात कोणी रडलं तर थांबा. हसून विषय बदलू नका आणि ‘एवढ्यावर रडतेस, मग वॉर्डात काय करशील’ असं तर मुळीच म्हणू नका.

३. पहिला मृत्यू शक्यतो निवडून द्या

पहिला अनुभव अपघाताच्या वॉर्डातला, लहान मुलाचा किंवा बाळंतिणीचा नसावा. हे नेहमी आपल्या हातात नसतं, पण अनेकदा असतं. ज्याचा मृत्यू अपेक्षित आहे, वय झालेलं आहे, घरचे जवळ आहेत, अशा पेशंटपाशी नव्या सिस्टरला सिनियरच्या सोबतीने ठेवा. एकटीला नाही.

शेवटच्या तासांत शरीरात काय होतं ते तिला आधी सांगितलेलं असावं. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटते, लघवी कमी होते, श्वास थांबून थांबून येतो. मग घरघर लागते. घशात साठलेला स्राव गिळता येत नाही म्हणून तो आवाज येतो. पेशंट तोवर बहुधा बेशुद्धीच्या जवळ असतो, त्रास ऐकणाऱ्याला जास्त होतो. घाबरून वारंवार खोल सक्शन करणं, म्हणजे नळीने स्राव ओढून काढणं, ही इथली नेहमीची चूक. कुशीवर वळवा, डोकं थोडं उचला, डॉक्टरांच्या आदेशाप्रमाणे स्राव कमी करणारं ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिन द्या.

वेदनेसाठी मॉर्फिन लिहून दिलं असेल तर नव्या सिस्टरच्या मनात एकच प्रश्न असतो: माझ्या इंजेक्शनने तर गेले नाहीत ना? हा प्रश्न ती विचारणार नाही, वर्षभर उराशी धरून बसेल. तुम्ही स्वतःहून सांगा की वेदनेच्या प्रमाणात, बेताने वाढवलेला डोस मृत्यू ओढवत नाही.

घरच्यांना बाहेर काढण्याची घाई नको. गंगाजल, तुळशीचं पान, कलमा, पाद्रींचा आशीर्वाद, त्रिशरण पंचशील: काय हवं ते विचारा. आडनावावरून ओळखायला जाऊ नका. पाणी पाजायचं असेल तर चमच्याने ओतू देऊ नका, ठसका लागतो. कापूस भिजवून ओठांना लावायला त्यांच्याच हातात द्या. पेशंटला शेवटपर्यंत ऐकू येतं असं धरून चाला आणि पलंगाशेजारी बिल, बेड, ड्युटी यांवर बोलू नका.

४. सीपीआर थांबतो तो क्षण

सीपीआर सुरू असताना नव्या माणसाला एक नेमकं काम द्या: वेळ लिहिणं, औषध भरून देणं, छाती दाबणाऱ्याला दोन मिनिटांनी बदलणं. कोपऱ्यात नुसतं उभं राहून पाहणाऱ्याच्या मनात ते दृश्य जास्त रुतून बसतं.

थांबवायचा निर्णय टीम लीडरने मोठ्याने सांगावा. ‘आपण आता थांबतोय. कोणाला आणखी काही सुचतंय का?’ कोणी बोललं नाही की वेळ जाहीर करावी. हा प्रश्न विचारला नाही तर सगळ्यात ज्युनियर मुलगी घरी जाऊन हाच विचार करते की आपल्याला काहीतरी दिसलं होतं, आपण बोललो नाही.

मृत्यूची खात्री घाईत करू नये. मानेतली कॅरोटिड नाडी, हृदयाचे आणि श्वासाचे आवाज, डोळ्यांच्या बाहुल्यांचा प्रतिसाद पाहा, आणि पाच मिनिटं सलग पाहा. ईसीजीची सरळ रेघ काढून त्यावर नाव, तारीख, वेळ लिहा आणि केसपेपरला जोडा.

त्यानंतर एक मिनिट थांबा. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले नर्स जोनाथन बार्टल्स यांनी ही सवय रुजवली: मृत्यू जाहीर झाल्यावर सगळ्यांनी आहे तिथेच, त्या माणसासाठी आणि केलेल्या प्रयत्नांसाठी, एक मिनिट शांत उभं राहायचं. प्रार्थना नाही, भाषण नाही. आमच्या वॉर्डात सुरू केलं तेव्हा पहिले काही दिवस सगळे अवघडले. नंतर वॉर्डातल्या मावशीच आठवण करून देऊ लागल्या.

५. नातेवाइकांना सांगणं

सांगायला जाण्याआधी चार गोष्टी उरका. नाव आणि नातं पुन्हा तपासा. एकाच आडनावाचे दोन पेशंट असतात आणि चुकीच्या घरच्यांना सांगितलेली बातमी परत घेता येत नाही. ॲप्रनवर रक्त असेल तर बदला. मोबाइल सायलेंट करा. आणि घरातला निर्णय घेणारा माणूस कोण ते विचारून घ्या. तो बहुधा जिन्याखाली चादर टाकून झोपलेला असतो.

जागा बसायची हवी. खोली नसेल तर दोन स्टुलं ओढून पडदा लावा. डॉक्टर बोलतील, सिस्टर शेजारी बसेल. इंटर्नला पहिल्या दोन-तीन वेळा फक्त ऐकायला न्या.

‘दादा, बसा. वाईट बातमी आहे. तुमच्या बाबांचा आत्ता, पाच वाजून दहा मिनिटांनी, मृत्यू झाला.’

आणि गप्प बसा. मनात वीस आकडे मोजा. ही वीस आकड्यांची शांतता शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण घाबरलेला माणूस बोलत सुटतो: क्रिएटिनिन किती होतं, व्हेंटिलेटर कधी लावला, आम्ही किती प्रयत्न केले. त्यातलं एक अक्षरही समोरच्याच्या कानात शिरत नाही. ते विचारतील तेव्हा सांगा.

‘तुम्ही लवकर आणायला हवं होतं’ हे वाक्य कधीही बोलू नका, खरं असलं तरी. ऐकणारी बाई ते जन्मभर वागवते.

रागाची तयारीही शिकवा. जमाव वाढत असेल तर सिक्युरिटीला आधीच कळवा, दाराकडे पाठ करून बसू नका, एकट्या इंटर्नला पुढे करू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे नव्या मुलांना माहीत असावं, पण नातेवाइकांसमोर कायद्याचा बोर्ड दाखवून बोलणं सुरू करू नये. बहुतेक ठिकाणी भडका उडतो तो दोन-दोन तास कोणी काहीच सांगितलेलं नसतं म्हणून.

फोनवर सांगणं टाळता येत नसेल तर आधी विचारा: कुठे आहात, गाडी चालवताय का, सोबत कोणी आहे का?

तपासा: निघण्याआधी ‘मी जे सांगितलं त्यातलं काही विचारायचंय का?’ असं विचारलं का? पुन्हा भेटायला कोण आणि कुठे मिळेल ते सांगितलं का?

६. शेवटची सेवा

‘पॅकिंग’ हा शब्द मी माझ्या विद्यार्थिनींना वापरू देत नाही. दोघींनी मिळून करा, एकीने कधीच नाही, आणि पेशंटशी बोलत करा: ‘काका, आता कुशीवर वळवतेय.’ हे वेडेपणाचं वाटेल, पण हात आपोआप हळू होतात.

आधी घरच्यांना विचारा, कोणाला मदत करायची आहे का. मुस्लिम कुटुंबात गुस्ल, म्हणजे अंत्यस्नान, त्यांचेच लोक, पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई, करतात. तिथे आपण फक्त स्वच्छ करून झाकायचं.

सर्वात आधी डोळे मिटा, कवळी असेल तर बसवा, हनुवटीला पट्टी बांधा, हातपाय सरळ करा. शरीर ताठरायला पापण्या आणि जबड्यापासून सुरुवात होते आणि आपल्या उन्हाळ्यात ती दोन तासांच्या आत होऊ शकते. उशीर झाला की तोंड उघडं राहतं, आणि घरच्यांच्या आठवणीत तेच चित्र राहतं. मग नळ्या काढा, जखमांना कोरडं ड्रेसिंग करा, अंग पुसा, नाकाकानात कापूस ठेवा, पायाचे अंगठे बांधा, ओळखपट्टी लावा. ग्लोव्ह्ज शेवटपर्यंत हवेत. दागिने दुसऱ्या सिस्टरसमोर मोजा, नातेवाइकांच्या हातात देऊन सही घ्या. मंगळसूत्र आणि बांगड्या विचारल्याशिवाय काढू नका. रजिस्टरमध्ये ‘सोन्याची’ न लिहिता ‘पिवळ्या धातूची’ लिहा.

सावध: मेडिकोलीगल, म्हणजे पोलीस तपासाची, केस असेल तर एकही नळी, कॅथेटर, ड्रेसिंग काढायचं नाही, अंग पुसायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत. पोलिसांना कळवा आणि शव त्यांच्या ताब्यात जाईपर्यंत घरच्यांना देऊ नका. पंचनाम्याच्या जुन्या छापील फॉर्मवर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ असतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ आहे.

नेत्रदानाची शक्यता असेल तर ६ तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवा आणि नेत्रपेढीला कळवा. विचारायचं ते बातमी सांगितल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन. त्याच श्वासात नाही.

७. कागद

फॉर्म ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, इंटर्नने भरू नये. पण भरताना त्याला शेजारी बसवा. ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ हे कारण नव्हे, प्रत्येकाचंच हृदय शेवटी थांबतं. पहिल्या ओळीत तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे, त्याखाली मूळ आजार, आणि मधुमेहासारखे जोडीचे आजार दुसऱ्या भागात. संक्षेप लिहू नका, खाडाखोड नको. हॉस्पिटलातला मृत्यू निबंधकाला कळवण्याची जबाबदारी हॉस्पिटलची, मुदत २१ दिवस. दाखला कुठे आणि केव्हा मिळेल ते नातेवाइकांना कागदावर लिहून द्या. त्या दिवशी तोंडी सांगितलेलं कोणाच्याही लक्षात राहत नाही.

८. हँडओव्हरआधीची दहा मिनिटं

शव वॉर्डातून गेलं की बेड धुतला जातो आणि वीस मिनिटांत त्यावर नवा पेशंट येतो. आपली माणसं त्या वीस मिनिटांत अडकून पडतात.

शिफ्ट संपण्याआधी, पॅन्ट्रीत उभ्या-उभ्याही चालेल, त्या मृत्यूशी संबंध आलेल्या सगळ्यांना बोलवा. स्ट्रेचर ढकलणारे मामा, लादी पुसणाऱ्या मावशी, सगळ्यांना. पेशंटशी सर्वांत जास्त गप्पा त्यांनीच मारलेल्या असतात. तीन प्रश्न पुरेत. काय घडलं? कोणती गोष्ट मनातून जात नाहीये? आज घरी जाताना कोणाला सोबत हवी आहे? बोलायची सक्ती नको.

इथली मोठी चूक म्हणजे याच बैठकीत चुकांचा हिशेब काढणं. ॲड्रिनलिन उशिरा का गेलं, हे ऑडिटमध्ये विचारा. त्या दहा मिनिटांत एकदा दोष दिला की पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

९. दोन दिवसांनी, दोन आठवड्यांनी

पहिल्या मृत्यूनंतर दुसऱ्या दिवशी तिला त्याच बेडवर नेमू नका. दोन दिवसांनी विचारा: झोप लागते का, जेवण जातं का, तो चेहरा समोर येतो का. पहिल्या आठवड्यात यातलं थोडंफार होणं साहजिक आहे. दोन आठवड्यांनंतरही झोप नसेल, ती त्या खोलीत जायचं टाळत असेल, पेशंटशी एकदम कोरडी वागत असेल, सुट्ट्या वाढल्या असतील, दारू किंवा झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या असतील, तर मानसोपचार विभागात स्वतः सोबत जा. आपल्याच हॉस्पिटलात दाखवायला संकोच वाटत असेल तर सरकारी ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या; तिथे मराठीतही बोलता येतं. मरणाचे विचार येतात असं कोणी सांगितलं तर त्याच दिवशी, त्याच वेळी. उद्यावर ढकलायचं नाही.

एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेल्या पाच अवस्था प्रत्येक ट्यूटरला पाठ असतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून त्या मांडलेल्या होत्या, आणि दुःख त्या क्रमाने चालत नाही. ‘तू अजून रागाच्या स्टेजला आहेस’ असं विद्यार्थिनीला किंवा विधवा झालेल्या बाईला सांगू नका.

तिने एकटीने सगळं सांभाळायचं कधी? मी तारीख ठरवत नाही. तीन मृत्यूंना सिनियरसोबत, मग दोनदा तिने पुढे आणि सिनियरने मागे, असं करून पाहते. त्यानंतर एके दिवशी नवी मुलगी रुजू होते, आणि मॉर्च्युरीचा रस्ता दाखवायला मी हिलाच पाठवते. परत आल्यावर दोघींना बसवून विचारते, वाटेत काय बोललात.